सहाव्या आकड्यापुढची जागा

माळावर बाराचं ऊन चढलं, की आमच्या गावाच्या वेशीबाहेर एक विलक्षण शांतता उतरते. होले घुमायचे थांबतात, बाभळीच्या वाळक्या शेंगा तेवढ्या आतल्या आत खुळखुळत राहतात, आणि वेशीलगत रांगेनं उभे असलेले वीरगळ, पिढ्यान्‌पिढ्या तेल पिऊन काळेभोर झालेले ते दगड, आपण घरात शिरताच बोलणं आवरतं घेणाऱ्या माणसांसारखे गप्प होऊन आपल्याकडे पाहत राहतात. रात्रीच्या अंधाराची भीती एक वेळ समजू शकते. तिथं काही दिसतच नाही. पण लख्ख उजेडात, स्वतःची सावली पायाशी गोळा झालेली असताना, सगळं काही स्वच्छ दिसत असताना अंगावर सरसरून काटा येतो, त्याला काय म्हणायचं? मी उभ्या आयुष्यात या प्रश्नाला हसत आलो. आता हसत नाही, आणि का हसत नाही तेच तुम्हांला सांगायला बसलो आहे.

वीरगळ तुम्ही पाहिलेच असतील. खालच्या चौकटीत लढाई, पडलेला वीर; मधल्या चौकटीत त्याला हाताला धरून वर नेणाऱ्या अप्सरा; आणि अगदी वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आता निवांत, निर्वैर! गावासाठी, गावाच्या गुरांसाठी कधीकाळी मेलेली ही माणसं. पण एकाच्याही दगडावर नाव नाही. म्हणून ते सगळ्यांचे. पलटणीत निघालेला प्रत्येक पोरगा वेशीतून बाहेर पडताना या दगडांवर डोकं टेकतो, आणि तो कुठल्या दगडावर टेकतो ते कुणी विचारत नाही. एक मात्र आमच्याकडे फार कडक पाळतात. हे दगड मोजायचे नाहीत. ‘मोजलं की एक वाढतो’ असं म्हातारी माणसं सांगत. लहानपणी मी एकदा बोट दाखवून तीन, चार असं म्हणालो मात्र, वडिलांनी अशी सणसणीत थोबाडीत ठेवून दिली, की पाचापर्यंत पोचलोच नाही.

आमचं गाव आटपाडीच्या अलीकडचं, पावसानं कायम वाकडं तोंड केलेलं. शेतीवर भागत नाही म्हणून निम्मी घरं सोनंचांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यासाठी परमुलखातल्या शहरांत गेली, आणि उरलेल्या घरांतली पोरं पलटणीत. मी तिसऱ्या वाटेनं निसटलो. मराठीचा मास्तर झालो, निवृत्त झालो आणि सांगलीत विश्रामबागेत मुलाच्या फ्लॅटमध्ये वर्तमानपत्रांतल्या चुका लाल पेनानं खुणावत बसू लागलो. अशा रिकामटेकड्या माणसाला सरपंचबाईंचा फोन आला. गावातल्या जुन्या जागांना माहितीचे फलक लावायचे आहेत. बारवेला, वेशीला, वीरगळांना, आणि शाळेसमोर शहीद जवानांच्या नावांचा एक मोठा दगड. "सर, मजकूर तुमीच लिवायचा बगा. तुमच्यासारखं कुणाला जमतंय?" झालं! स्तुतीला आणि गरम भज्यांना मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही.

काय सांगू, किती हौसेनं लिहिलं! ‘पराक्रमाच्या या मूक साक्षीदारांसमोर, हे पांथस्था, क्षणभर थांब’ अशी सुरुवात. आणि पुढे, माहिती नेमकी हवी या मास्तरकीच्या हट्टापायी, ‘येथे एकूण नऊ वीरगळ आहेत’ असं ठणठणीत विधान. त्यासाठी भर दुपारी वेशीत उभा राहून मी ते मोजले. एकदा नव्हे, दोनदा, आणि मोठ्यांदा. वडिलांची थोबाडीत आठवली आणि हसूही आलं. महिन्याभरानं फलक तयार होऊन आला. त्याचा खांब रोवायला गडी खड्डा खणू लागले, तर हातभर खोलीवर पहार खणकन वाजली. माती बाजूला केली, तर खाली पालथा पडलेला एक वीरगळ! उलटा करून उभा केला. घोडा, तलवार, अप्सरा, सगळं जसंच्या तसं. मातीत राहिल्यामुळे बाकीच्यांपेक्षा कितीतरी ताजं. फलकावर नऊ, आणि समोर दहा.

मी सांगलीत मोबाईलवर फोटो पाहिला आणि फोनवर सगळ्यांना समजावलं, की अहो, तो तिथं शेकडो वर्षं होताच, आपल्याला आज दिसला एवढंच. किती शास्त्रशुद्ध! पण त्या रात्री जेवताना सून दोनदा म्हणाली, "बाबा, भाजीत मीठ कमी आहे का?" माझं ताटाकडे लक्षच नव्हतं.

आता शाळेसमोरच्या दगडाचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथलं आहे. शहिदांची नावं गोळा करताना सहा झाली. पाचांच्या घरी काही अडचण नव्हती. फोटोला हार घातलेले, तारखा पाठ असलेले. सहावं नाव ज्ञानूचं. ज्ञानू चाळीसएक वर्षांपूर्वी बर्फाच्या मुलखात गस्तीवर गेला. तुकडी परतली, तो परतला नाही. आधी ‘बेपत्ता’ असा कागद आला, काही वर्षांनी ‘मृत समजण्यात येत आहे’ असा दुसरा. त्याची बायको तानू, आता साऱ्या गावाची तानूकाकू, तेव्हा विशीबाविशीची असेल. तिनं तो दुसरा कागद ऐकला आणि म्हणाली, "त्ये समजत्यात. म्या न्हाई समजत." कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. आणि गावानं काय करावं? गावानं तिचं ऐकलं! चाळीस वर्षं संक्रांतीचं वाण तिला जातं, लग्नात सवाष्णींच्या पंगतीला तिचं पान मांडलं जातं, डोहाळजेवणात ओटी भरायला तिला आवर्जून बोलावतात. ठरवून कुणी ठरवलं नाही, पण साऱ्या गावानं मिळून एका बाईचा नवरा जिवंत ठेवला. माणसं एकमेकांसाठी किती मोठ्या गोष्टी न बोलता करतात! आणि माझ्यासारखी लिहिणारी माणसं त्यात येऊन काय घोळ घालतात, तेही ऐका.

मी तिच्याकडे रीतीप्रमाणे विचारायला गेलो. ती शेंगा फोडत बसली होती. दगडाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "आवं मास्तर, मालकांचं नाव मेलेल्यांत घालू नगासा. येवढं माजं ऐका." मी म्हणालो, "नाही घालत, काकू." घरी येऊन मजकुराच्या कागदावर सहाव्या ओळीतलं ज्ञानूचं नाव लाल पेनानं खोडलं. व्यवस्थित, पट्टी धरून. पण नावाच्या अलीकडे, समासात लिहिलेला ‘६’ हा आकडा तसाच राहिला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हुडकणाऱ्या माझ्या डोळ्यांना तो दिसला नाही.

दगड घडवायला दिला होता दस्तगीरभाईंना. सांगलीत हातानं अक्षर कोरणारे थोडकेच कारागीर उरले आहेत, त्यांतले हे एक. बाप-आजा थडग्यांचे आणि देवळांच्या पायऱ्यांचे दगड घडवत आलेले. त्यांची एक शिस्त आहे: कागदावर जे आहे ते कोरायचं, स्वतःच्या मनाचा काना नाही की मात्रा नाही. "लोकांच्या नावात आपण डोकं घालायचं नसतं सर," ते मला म्हणाले होते, आणि मला ते फार पटलं होतं. त्यांनी काळा गुळगुळीत दगड निवडला, आरशासारखा घासला, पाच नावं अशी कोरली की बघत राहावं. आणि खाली, माझ्या कागदावर होता म्हणून, एक रेखीव ‘६’. त्याच्यापुढे काही नाही.

अनावरणाला मी होतो. फडकं दूर झालं, टाळ्या झाल्या, माझा सत्कार झाला, नारळ आणि शाल घेऊन मी सांगलीला परत आलो. कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. आलं ते चार दिवसांनी, आणि आलं सुरेखाच्या. सुरेखा शाळेशेजारी राहते; तिचा एकुलता संग्राम पलटणीत आहे, तेव्हा रजेवर आलेला. दुपारी बाराच्या सुमाराला तो घरातून निघाला, दगडासमोर थांबला आणि त्या चकचकीत दगडात बघून वाकून भांग पाडू लागला. उंच पोरगा, वाकल्यावर त्याचं तोंड नेमकं खालच्या ओळीत उतरलं. मागून येणाऱ्या सुरेखानं पाहिलं. पाच ओळींत पाच नावं, आणि सहाच्या आकड्यापुढे तिच्या लेकाचा चेहरा.

तिनं किंकाळी फोडली नाही. तसं केलं असतं तर बरं झालं असतं, माणसं धावली असती, हसली असती, विषय संपला असता. ती नुसती त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली, त्याच्या शर्टाला मागून धरलं आणि म्हणाली, "घरात चल." संध्याकाळी तिनं त्याची जायची ट्रंक कुलूप लावून माळ्यावर टाकली आणि किल्ली स्वतःच्या कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मोजलं की एक वाढतो! मास्तरानं वीरगळ मोजले तर जमिनीतून दहावा निघाला. आता मास्तरानं शहीद मोजले आहेत, आणि दगडानं सहाव्याची जागा धरून ठेवली आहे. ज्या ज्या घरातला पोरगा सीमेवर, त्या त्या घरातल्या बाया शाळेची वाट सोडून ओढ्याकडून वळसा घालू लागल्या. कुणी त्या आकड्यावर शेंदूर फासला. सकाळपर्यंत तो खाली ओघळला, ते आणखीच वाईट दिसलं. कुणी दगडावर घोंगडं टाकलं. वाऱ्यानं ते पडायचं, आणि पडायचं ते नेमकं तेवढा कोपरा उघडा टाकून. असं मला सांगण्यात आलं. मी विश्वास ठेवला का? तुम्ही विश्रामबागेत पंख्याखाली बसून विचाराल तर नाही. पण मी आता विश्रामबागेत नव्हतो, मनानं तरी.

दस्तगीरभाईंना फोन लावला. "अहो, तो सहा कशाला कोरलात?" ते अगदी साधेपणानं म्हणाले, "मला वाटलं पुढच्यासाठी जागा ठेवलीय सर. बऱ्याच गावांत ठेवतात." पुढच्यासाठी! मी म्हणालो, खोडून टाका. तर म्हणाले, "असल्या दगडावरचं खोडता येत नाही. घासलं तर खड्डा पडतो, आणि चकाकी गेलेला डाग लांबून उठून दिसतो. आकड्यापेक्षा खड्डा वाईट."

तेवढ्यात संग्रामचा फोन. पोरगा रडकुंडीला आला होता. "सर, आय सोडंना. रजा संपत आली, परवा निगायला पायजे. हजर न्हाई झालो तर पळून गेला म्हून लिवत्यात ओ. तुमीच कायतरी करा. तुमच्या हातनंच झालंया न्हवं?" माझ्याच हातनं झालं होतं. शब्द जपून वापरावेत असं तीन पिढ्यांना शिकवणाऱ्या माणसानं एक रिकामी जागा निष्काळजीपणानं वापरली, आणि तिच्यात एका आईनं आपलं पोर बघितलं. लाज वाटली हो, मनापासून वाटली.

दुसऱ्या दिवशी मी आणि दस्तगीरभाई त्यांच्या दुचाकीवरून गावी गेलो. छिन्न्या-हातोड्याची पिशवी माझ्या मांडीवर. पोचायला पुन्हा बाराच झाले. शाळेला सुट्टी होती. दगडासमोर बरीच माणसं उभी होती, पण अशी लांब, की मधे एक मोकळं वर्तुळ राहावं. मी त्या वर्तुळात शिरलो, अंदाज घ्यायला दगडासमोर वाकलो, आणि सहाच्या आकड्यापुढे मला माझा चेहरा दिसला. चष्मा, पांढऱ्या मिशा, सगळं. एक पाऊल मागे सरलो. मागे कुणीतरी सुस्कारा टाकला, तो सुटकेचा होता की काय कोण जाणे! म्हातारा मास्तर गेला तर गावाचं स्वस्तातच सुटलं असतं.

काय करावं यावर बोलणं सुरू झालं. सरपंचबाई म्हणाल्या, तिथं एक कमळ कोरू. सुरेखा ताडकन म्हणाली, "फूल कुणासाटी? जो यायचा हाय त्येच्यासाटी?" कुणी म्हणालं, दगडच उखडून ओढ्यात टाका. तर पाचांपैकी एकाचा म्हातारा बाप काठी आपटून म्हणाला, "माज्या लेकाचं नाव वड्यात टाकतासा व्हय रं?" तेही खरं होतं. आणि संग्राम आईच्या शेजारी मान खाली घालून उभा होता. त्याच्या हातात मोबाईल, मोबाईलवर उद्या पहाटेचं तिकीट.

तेव्हा तानूकाकू पुढे आली. ती काय करणार आहे ते मला आधी कळलंच नाही. ती वर्तुळ ओलांडून थेट दगडापाशी गेली, त्या आकड्यापुढच्या मोकळ्या जागेवर तिनं तळहात ठेवला. दगड तापलेला होता, चटका बसला असणार. तिनं हात काढला नाही. सुरेखाकडे वळून म्हणाली, "पोराची टरंक काढ खाली. ही जागा कुणाची न्हाई. माज्या मालकाची हाय." मग दस्तगीरभाईंना म्हणाली, "लिवा."

मी पुढे झालो. "काकू, नको. तुम्ही मला सांगितलं होतंत, मी शब्द दिला होता." ती माझ्याकडे बघून हसली, राग नव्हता, तेच सोसवेना. "मास्तर, तवा हिचं पोरगं उंबऱ्यात अडकून नव्हतं ऱ्हायलं. आता हाय. हिला तशीच कशी सोडू?" आणि मग, "त्ये असतं तर त्येनीबी हेच केलं असतं. तुकडीतल्या पोरांच्या म्होरं चालायचे." चाळीस वर्षांत तिच्या तोंडून नवऱ्याबद्दल पहिल्यांदा मी ‘चालायचे’ असं भूतकाळी क्रियापद ऐकलं.

दस्तगीरभाईंनी पिशवी उघडली, छिन्नी निवडली, आणि सवयीनं विचारलं, "नाव काय मावशी?" त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या जिभेवर नाव आलं होतं, पण मी थांबलो, सगळेच थांबले. आमच्याकडच्या त्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तानूकाकूनं लग्नात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. ती दगडाकडे तोंड करून उभी राहिली आणि हलक्या पण स्वच्छ आवाजात म्हणाली, "ज्ञानू." मग, कुणी दाराबाहेर उभं असावं आणि त्याला आत बोलवावं अशा सुरात, पुन्हा एकदा, "ज्ञानू."

छिन्नी वाजू लागली. माळावरच्या त्या शांततेत तो एकच आवाज: टक्, टक्, टक्. वेशीपर्यंत जात असेल, तिथल्या दहा दगडांपर्यंत. बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. ती रडत नव्हती, दगडाशी वाकून बघत होती. अक्षरातून पांढरी भुकटी गळत होती, ती तिच्या पायांवर पडत होती, आणि प्रत्येक घावासरशी काळ्या दगडातला तिचा चेहरा जरा जरा तुटत होता. आधी हनुवटी, मग गाल, मग कपाळ. शेवटी सहाच्या आकड्यापुढे तिचा चेहरा उरला नाही, नाव उरलं. सवाष्णींच्या पंगतीतलं तिचं पान, तिची ओटी, तिचं वाण, गावानं इतकी वर्षं सांभाळलेलं सगळं माझ्या एका आकड्यापायी तिनं तासाभरात देऊन टाकलं होतं. आणि मी काय केलं? मी उभा होतो. छिन्न्यांची पिशवी धरून.

सुरेखानं कमरेची किल्ली सोडून संग्रामच्या हातात दिली आणि काकूच्या पायांवर डोकं ठेवलं. काकूनं तिला उठवलं, पोराच्या पाठीवर थाप मारली, "जा, उशीर हुईल," म्हणाली. माणसं पांगली. दस्तगीरभाई अक्षरांतली भुकटी फुंकून साफ करत होते. काकू जाण्यासाठी वळली, चार पावलं गेली आणि परत आली. कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं. ते पुसावं की असू द्यावं हे तिचं तिलाच उमगत नसावं, तिचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग दस्तगीरभाईंकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "समजा त्ये आलं, तर ह्ये खोडता येतंय न्हवं?"

दस्तगीरभाईंनी हातातली छिन्नी खाली ठेवली. "येतं की मावशी," ते म्हणाले. "नुसता एक फोन करा. मी स्वतः येऊन खोडून देईन." तिनं खात्रीसाठी माझ्याकडे पाहिलं, मास्तर खोटं बोलणार नाही अशा नजरेनं, आणि मी मान हलवली.